पेन्सिलीतला शेवट

दोनशे बाराव्या पानावर नावाड्यानं आपल्या कुत्र्याला 'स्कूनर' अशी हाक मारली, आणि मी पुस्तक उचलून भिंतीवर हाणलं.

पुस्तकं फेकणाऱ्यांतली मी नव्हे. कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी मी त्या माणसाला पुन्हा पुस्तक देत नाही. आणि हे तर 'ओसरलेला समुद्र' मालिकेचं आठवं, शेवटचं पुस्तक. सव्वीस वर्षं मी त्याची वाट बघत होते. नवरा गेला, आई गेली, गुडघा बदलून झाला, आणि या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती, की एक ना एक दिवस विनिफ्रेड ऑस्टरबाई शेवटचा भाग लिहितील आणि मी तो वाचेन.

पण सात भागांत त्या कुत्र्याला नाव नाही. बाईंनी ते कधी ठेवलंच नाही, त्या नुसतं 'कुत्रं' म्हणायच्या. स्कूनर हे नाव मी ठेवलं होतं. स्कूनर ही आमच्याकडं पूर्वी पेरायचे ती सातूची एक जात. मी आमच्या कडिना गावच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, नमुने तपासते. ट्रक आला की दाण्यांत नळी खुपसायची, मूठभर नमुना काढायचा, ओलावा बघायचा, प्रत सांगायची आणि वर शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. अशाच एका सुगीत, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, मी त्या कुत्र्याच्या कार्डावर 'स्कूनर' असं लिहून टाकलं. पेन्सिलीनं.

कार्डांचं सांगायला हवं. पहिला भाग वाचला तेव्हा त्यातली नावं, गावं, वाळलेल्या खाड्या काही माझ्या लक्षात राहीनात. म्हणून मी बुटाच्या खोक्यात कार्डं ठेवायला लागले. एका माणसाला एक कार्ड, एका गावाला एक. आता माझ्याकडं चार खण गच्च भरलेत. नियम एकच. पुस्तकात छापलंय ते शाईनं लिहायचं, आणि मला नुसतं वाटतंय ते पेन्सिलीनं. पुढच्या भागात खरं काय ते कळलं की पेन्सिल खोडायची आणि शाईनं बाईंचं लिहायचं. मी शेकडो वेळा चुकले असेन. खोडताना दर वेळी मला आनंद व्हायचा, कारण बाईंना सुचलेलं नेहमीच माझ्याहून सरस असायचं.

माझ्या कार्डांची कीर्ती वाचकांत पसरलीच होती, आणि चार वर्षांपूर्वी प्रकाशकांचं पत्र आलं. बाई शेवटचा भाग लिहितायत, वय झालंय, संदर्भाला तुमची कार्डं मिळाली तर फार बरं होईल. मी एवढी हुरळले की विचारू नका. ग्रंथालयातल्या झेरॉक्स मशीनपुढं तीन आठवडे उभी राहिले, एकेक कार्ड पालथं घातलं आणि प्रती खोक्यांत भरून अ‍ॅडलेडला पाठवल्या. झेरॉक्सवर शाई काळी येते. पेन्सिलही काळीच येते. दाण्यातला अर्ध्या टक्क्याचा ओलावा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हे सुटलं. दोन वर्षांनी बाई वारल्या. 'लेखन पूर्ण करूनच त्या गेल्या' असं प्रकाशकांनी जाहीर केलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

आता त्या प्रश्नाचं सांगते, कारण तो कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

पहिल्या भागात पंधरा वर्षांची इलारी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ ओरेन राखेच्या वादळापुढं पळत असतात. डोंगरात एक दगडी दार आहे. त्याला दोन्ही बाजूंनी अडसर. इलारी बाहेर पडते, दार धाडकन बंद होतं, ओरेन आत राहतो. दार पुन्हा उघडत नाही. इलारी वाचते, मोठी होते, राज्यं जिंकते-हरते, आणि सात भाग तिला एकच प्रश्न विचारला जातो: दार कुणी लावलं? वाऱ्यानं, आतून ओरेननं, की बाहेरून तिनं स्वतः? बाईंनी सव्वीस वर्षं उत्तर दिलं नाही. ते शेवटच्या प्रकरणात देणार, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं.

माझ्या ओरेनच्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'त्यानंच आतून अडसर लावला. ताई आपल्यासाठी थांबू नये म्हणून.'

आमच्या समोर राहणाऱ्या अ‍ॅव्हिसला हे अजिबात मान्य नव्हतं. अ‍ॅव्हिस एक्याऐंशी वर्षांची, शाळेच्या उपाहारगृहात आयुष्य काढलेली. पहिला भाग तिनंच माझ्या हातात ठेवला होता. "तुझं म्हणजे नाताळच्या कार्डावरचं झालं," ती म्हणायची. "दार त्या पोरीनंच लावलं. आणि ऑस्टरबाई एक दिवस ते लिहिणार. तू बघच."

तिला ते का हवं होतं, हे मला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ क्लेम. त्याला बोलता यायचं नाही, फिट यायच्या. आईवडील गेल्यावर एकोणीस वर्षांच्या अ‍ॅव्हिसनं त्याला शहरातल्या एका संस्थेत पोचवलं. कागदावर सही तिचीच. तो रडत होता आणि ती मागं न बघता बसमध्ये चढली. चौदा महिन्यांत तो गेला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना, आणि वर म्हणाली, "मला कुणी माफ करायला नकोय. पण त्या पोरीनं दार लावलं असेल, तर पुढं तिचं काय करायचं हे त्या बाईला माहीत असणार. तेवढं वाचायचंय मला."

तर असं हे पुस्तक. आणि नावाड्याचा कुत्रा माझ्याकडं बघून शेपटी हलवत होता.

त्या गुरुवारी उत्तरेचा गरम वारा सुटला होता. आगीचा धोका म्हणून कापणी बंद, ट्रक बंद, म्हणून मी घरी होते. मी पुस्तक भिंतीपाशी जाऊन उचललं आणि टेबलावर चारही खण ओढले. खारवाटेवरच्या विहिरीला पायऱ्या किती? कार्डावर एकोणचाळीस, माझा अंदाज, पेन्सिल. पुस्तकातही एकोणचाळीस. राणीच्या दाईला मधमाश्यांची भीती कशानं बसली? कार्डावर लहानपणी बहीण गेली म्हणून, पेन्सिल. पुस्तकात तेच, पुरतं एक पान रडून. दुपारपर्यंत मला अशा सतरा जागा सापडल्या. मेलेल्या बाईला माझ्या डोक्यातलं कसं कळलं असेल? तिला कळलंच नव्हतं. स्वतःचं सोडून माझं उचलणारी ती नव्हेच; तिनं हे लिहिलंच नव्हतं. कुणीतरी माझी खोकी उघडून बसलं होतं आणि माझ्या आगाऊपणाला बाईंचा शब्द समजून गाळात पाय टाकत चाललं होतं.

मग मी लोकर सोडली.

आमची एक रीत आहे. नवा भाग हातात आला की आधी शेवटचं प्रकरण लोकरीच्या धाग्यानं बांधून टाकायचं. लोकर अ‍ॅव्हिस देते. बाकीचं पुस्तक प्रत्येकानं घरी वाचायचं, आणि ठरल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये जमायचं. घरून एकेक ताटली खाणं आणायचं, धागे एकदम सोडायचे आणि शेवटचं प्रकरण आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. वालारू, मेटलंड, पोर्ट पिरी, कुठून कुठून चाळीसेक माणसं येतात. सात भागांत एकानंही धागा आधी सोडला नव्हता. ताप आलेल्यांनी नाही, बाळंतिणीनं नाही.

मी सोडला. वाचलं. म्हातारी इलारी डोंगराशी परत येते, दार फोडलं जातं, आणि आतून लावलेला अडसर तुटून खाली पडलेला, त्याच्या दोराला ओरेनच्या हातची गाठ. 'त्यानं तिला थांबू दिलं नव्हतं,' असं शेवटचं वाक्य.

तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं मी एका बाईला एक प्रश्न विचारत होते, आणि उत्तर म्हणून कुणीतरी माझंच कार्ड माझ्या तोंडावर फेकलं होतं. शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचले, आणि तिथं मीच बसलेली! मला मी नको होते. मी मला रोज भेटते.

प्रकाशकांना फोन लावला. आधी एका पोरीनं फोन धरून ठेवायला लावून गाणं ऐकवलं, मग दुसरीनं माझं नाव तीनदा विचारलं. "पेन्सिल," मी म्हणाले. "तुमच्या साहेबांना एवढंच सांगा, की कार्डांवरचं निम्मं पेन्सिलीतलं होतं." पाच मिनिटांत फेनविक नावाचे साहेब स्वतः लाइनवर आले आणि उद्या भेटायला येतो म्हणाले. दोन तास गाडी हाकून कडिनाला कोण येतं? ज्याला काही लपवायचंय तोच.

शुक्रवारी आम्ही बेकरीत भेटलो. चाळिशीचा, पांढरे बूट, लाल धुळीनं आधीच गुलाबी झालेले. त्यानं पेस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी, मागवली आणि काट्याचमच्यानं खायला घेतली. आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

"ट्रेम्बाथबाई," तो म्हणाला, "आधी हे सांगू द्या, की आम्ही सगळेच तुमच्या कामाचे फार चाहते आहोत."

"दिसलंच की. छापूनच टाकलंत."

"तुम्ही रागावलात हे मी समजू शकतो."

"तुम्ही काही समजू शकत नाही. हातानं खा ते, लोक बघतायत. पुस्तक कुणी लिहिलं?"

त्यानं काटा खाली ठेवला. "एक गट होता. तिघांचा. फार गुणी मुलं आहेत, मालिकेवर जीव आहे त्यांचा."

"आणि बाईंनी किती लिहिलं?"

"सुरुवातीची चाळीस पानं. पुढं त्यांना जमेना. तब्येत..." तो थांबला. "आणि शेवटचं प्रकरण."

"शेवटचं तर माझं आहे."

"नाही, म्हणजे, त्यांचंही एक होतं. त्यांनी ते सगळ्यात आधी लिहून ठेवलं होतं, पहिल्या भागाच्याही आधी. स्वतःच्या हातानं. नऊ पानं."

मी टेबलावर पुढं वाकले. "मग ते का नाही छापलं?"

"ते जरा... कडवट आहे. वाचकांना झेपलं नसतं. तुमच्या कार्डावरचं आम्हाला बाईंचीच दुसरी कल्पना वाटली, आणि ती सगळ्यांना आवडली. आमच्या बैठकीत दोघं रडले, खरंच सांगतो."

मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. बेकरीत अर्धं गाव होतं म्हणून तो वाचला.

त्यानं पिशवीतून एक पातळ पाकीट काढलं आणि त्याच्या शेजारी एक छापील कागद. "ही ती पानं. मूळ पानं. इथं बसून वाचा, हवा तेवढा वेळ घ्या. मग मी ती परत नेणार. त्याआधी या कागदावर सही. पुस्तक कुणी लिहिलं आणि या पानांत काय आहे, हे तुम्ही कुणालाही सांगायचं नाही. कधीच."

"उद्या हॉलमध्ये चाळीस माणसं जमणारेत."

"जमू द्या ना. छान वाचू द्या. त्यांचा आनंद कशाला घालवायचा?"

मी पाकिटावर हात ठेवला. खोटं कशाला सांगू, हात उचलवेना. कागद एवढा पातळ होता की आतली निळी शाई दिसत होती. बाईंची उंच, डावीकडं कललेली अक्षरं. एखादं नाव लागतंय का म्हणून मी डोळे बारीक केले. सव्वीस वर्षं माझ्या तळहाताखाली होती. सही केली असती तर सगळं कळलं असतं, आणि उद्या चाळीस माणसं या लबाडांचं खोटं वाचताना मला तोंडाला कुलूप लावून बसावं लागलं असतं.

मी पाकीट त्याच्या पेस्टीवर ढकललं.

"मी चोराकडून घेऊन वाचत नाही," मी म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले.

"मग तुम्हाला कधीच कळणार नाही, बाई."

"नाही तर नाही. पण उद्या सगळ्यांना कळेल तुम्ही काय केलंत ते."

तो पाकिटाला लागलेलं तेल पुसत राहिला, मी उठून आले. घरी येईपर्यंत मी स्वतःवर इतकी खूश होते की आता आठवलं तरी लाज वाटते. अ‍ॅव्हिसच्या घराचं फाटक उघडं होतं, ती बागेत पाणी घालत होती. तिनं हात केला. मीही हात केला आणि सरळ आत जाऊन उद्याचं भाषण लिहायला बसले.

शनिवारी हॉल भरला. लांब टेबलावर स्कोन, अंड्याचे सँडविच, कुणीतरी आणलेला हिरवा जेलीचा डोंगर. सगळ्यांच्या मांडीवर पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या प्रकरणाला अ‍ॅव्हिसची पिवळी लोकर. अ‍ॅव्हिस पहिल्या रांगेत, ठेवणीतला निळा कोट घालून, अशा उन्हात. मी पुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कार्डं, झेरॉक्स, पेन्सिल, कुत्रा, तिघं गुणी पोरं, आणि शेवट कुठून आला ते. माझा आवाज चढत गेला. मला वाटलं होतं आता खुर्च्या उडतील, प्रकाशकाच्या नावानं शिमगा होईल.

खुर्च्या उडाल्या नाहीत. मग वालारूचा कीथ नॉब्लेट उभा राहिला. हा धक्क्यावर मासे धरतो आणि मालिकेतल्या निम्म्या लढाया त्याला पाठ आहेत.

"थांब जरा," तो म्हणाला. "तू लोकर सोडलीस?"

"कीथ, तुला कळतंय का मी काय सांगतेय? पुस्तक खोटं आहे!"

"ते ऐकलं. मी विचारतोय, तू लोकर सोडलीस? आमची सगळ्यांची बांधलेली आणि तू घरी बसून सोडलीस?"

"सोडली! मग काय करू, कळायला नको?"

"आणि शेवट आत्ता आम्हाला सांगूनही टाकलास," मागून ब्रॉनिया म्हणाली. ती मेटलंडला शिकवते. तिच्या पोरीचं नाव इलारी आहे. "ओरेननं लावलं म्हणे. मी सोळा वर्षांची असल्यापासून थांबलेय ग्लेनिस, आणि तू ते भाषणात सांगितलंस. हिशेबातल्या चुकीसारखं."

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच सांगते, एकदाही आलं नव्हतं. "पण तो खरा शेवट नाहीये," मी म्हणाले.

"मग खरा कुठाय?" कीथ.

मी पाकिटाचं सांगितलं. नऊ पानं, निळी शाई, छापील कागद. मी ते कसं परत ढकललं तेही सांगितलं. इथं तरी टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. किती मूर्ख असावं माणसानं!

"वाचलं नाहीस?" कीथ माझ्याकडं बघतच राहिला. "हातात होतं आणि वाचलं नाहीस?"

"सही करावी लागली असती."

"मग करायची! सही ठोकायची, वाचायचं आणि इथं येऊन आम्हाला सांगायचं! काय करणार होते ते, फासावर लटकवणार होते तुला? माझ्या बोटीच्या कागदांवर मी आजवर एकही खरी सही केलेली नाही!"

काहीजण हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"मी शब्द मोडत नाही," मी म्हणाले.

"नाही, तू फक्त लोकर सोडतेस," कीथ म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर जो तो बोलायला लागला. दहाबारा जण ताटल्या उचलून निघून गेले, जेलीसुद्धा गेली. उरलेल्यांत भांडण झालं, की आता वाचायचं का नाही. शेवटी ब्रॉनिया म्हणाली, "मी एवढ्या लांबून आलेय. कुणी का लिहिलं असेना, मला ऐकायचंय." तिनं धागा सोडला आणि वाचायला सुरुवात केली.

मी मागच्या मोरीत जाऊन कप धुवायला लागले. फळीच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. वाळलेली खाडी, डोंगर, फुटलेलं दार. मग आतला अडसर, आणि ओरेनची गाठ. बाहेर कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणीतरी. माझ्या पेन्सिलीवर लोक रडत होते, मला सांगूनसवरून, सगळं माहीत असून रडत होते. माझा एवढा संताप झाला की एका कपाचा कान हातात आला. काय म्हणून रडताय? दोन ट्रकांच्या मधल्या वेळात खरडलेलं आहे ते! हात धुळीनं माखलेले होते माझे!

मी बाहेर आले तेव्हा सगळे एकमेकांना पुस्तकांवर नावं लिहून देत होते. अ‍ॅव्हिस तिच्या खुर्चीवर तशीच बसलेली. ती रडली नव्हती. तिच्या पुस्तकाची लोकर तिनं सोडलीच नव्हती.

तिला मीच गाडीनं घरी सोडते. आम्ही रेल्वेचं जुनं फाटक ओलांडलं.

"मला एक सांग," मग ती म्हणाली. "ते पाकीट. तुझ्या हातात होतं?"

"हाताखाली होतं."

"आणि तुला शाई दिसत होती."

"हो. पण वाचता येत नव्हतं. अ‍ॅव्हिस, चोर आहेत गं ते. मेलेल्या बाईचं नाव लावून..."

"असतील चोर. मी चोरांचं विचारत नाहीये. मला विचारलंस का?"

"काय?"

"शुक्रवारी मी बागेत होते. तू फाटकावरून गेलीस, हात केलास. रस्ता ओलांडून यायचं आणि विचारायचं, अ‍ॅव्हिस, असं असं आहे, काय करू. तेवढं नाही जमलं तुला?"

"सही केली असती तर तुलाही सांगता आलं नसतं मला."

"सांगायची गरज नव्हती, पोरी." ती समोर रस्त्याकडं बघत होती. "तू वाचून आली असतीस आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली असतीस, तरी मला कळलं असतं. सव्वीस वर्षं बघतेय तुझं तोंड. सहीही मोडली नसती. मला कळलं असतं, बाईंनी कुणाला लावायला लावलं ते दार. आणि तो माणूस तुला म्हणाला ना, की कडवट आहे? 'वाचकांना झेपणार नाही' म्हणाला ना?"

"हो."

"मग मला झेपलं असतं," अ‍ॅव्हिस म्हणाली. "माझ्यासाठीच लिहिलं होतं ते."

मी तिच्या घरासमोर गाडी उभी केली. तिथंच, ती शेजारी बसलेली असताना, फेनविकला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"मी सही करते," मी म्हणाले. "हवी तिथं करते. आत्ता निघते, रात्रीच्या आत अ‍ॅडलेडला पोचते. माझ्यासोबत आणखी एक बाई येईल."

तो फार सभ्यपणे बोलला. तेच जास्त झोंबलं. "ट्रेम्बाथबाई, तुमच्या हॉलमधलं सगळं तासाभरापूर्वीच आमच्याकडं पोचलंय. कुणीतरी फोनवर टिपून नेटवर टाकलं होतं. आता सही कशावर करणार? लपवण्यासारखं काय उरलंय? ती पानं आता वकिलांकडं जातील, आणि खरं सांगायचं तर पुन्हा कुणाच्या नजरेस पडतील असं मला वाटत नाही."

"एकदा दाखवा. मला नको. फक्त तिला दाखवा."

"काल दाखवत होतो ना, बाई," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

अ‍ॅव्हिसनं सगळं ऐकलं होतं. तिनं चिडावं, ओरडावं, मला दोन शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, आणि ती नुसती कोटाची बटणं लावत होती.

"हे बघ," मी म्हणाले, "तो कडवट म्हणाला म्हणजे तुझंच खरं असणार. तिनंच लावलं असणार. मला आता तसंच वाटतं. आणि बाईंनी तिला नक्की..."

"नको," अ‍ॅव्हिस म्हणाली. मोठ्यानं नाही, पण असं म्हणाली की मी थांबले. "तुला काय वाटतं ते मला नको सांगूस, ग्लेनिस. तुला काय वाटतं ते छापून आलंय."

ती उतरली, पुस्तक काखेत धरून फाटकातून आत गेली. मी गाडीत बसून राहिले. राग तेवढाच होता, जराही कमी झालेला नव्हता, फक्त फेनविकवर काढायला मन घेईना.